घुमणारा गोळा, खर्ज गिळणारे खोके

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा ओढा होता भौतिकशास्त्राकडे. पण पॉट्सडॅममधल्या शिक्षक वडिलांना तो खर्च झेपणारा नव्हता. म्हणून १८२१ साली जन्मलेला हा मुलगा बर्लिनला सरकारी खर्चाने डॉक्टर झाला आणि त्या बदल्यात लष्करात चाकरी करू लागला. त्याच चाकरीत, १८४७ मध्ये, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्यांचा निबंध आला!

पुढे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असताना ते कानाकडे वळले. त्यांनी काचेचे, पितळेचे पोकळ गोळे वापरले. एका बाजूला उघडे तोंड, दुसरे निमुळते टोक मेण लावून कानात बसवायचे. बाहेर कितीही सूर मिसळलेले असोत, गोळ्याचा स्वतःचा सूरच तेवढा कानात घुमे. रिकाम्या बाटलीवर फुंकर घातली की हेच होते: गळ्यातली हवा वजनासारखी हलते, पोटातली स्प्रिंगसारखी दबते. १८६३ च्या ग्रंथात हे सारे आले. भौतिकशास्त्राचे अध्यापन मात्र १८७१ मध्ये, पन्नाशीला टेकताना लाभले. १८९४ मध्ये ते निवर्तले.

ऐकण्यासाठीची ही युक्ती आज स्टुडिओत आवाज गिळायला वापरतात. सेकंदाला १०० कंपनांच्या खर्जाची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब. पडदे-गालिचे तिला पुरत नाहीत. म्हणून भोकांच्या फळीमागे बंद खोके करून आत ग्लासवूल घालतात. सूर जुळला की भोकांतली हवा जोराने हलते आणि घर्षणात खर्जाची उष्णता होते. मात्र एक खोके एकाच सुराच्या आसपास चालते. दुसऱ्यासाठी दुसरे करावे लागते.