लक्ष्मीबाई टिळक : संसाराच्या कसोटीवर उतरलेली श्रद्धा

रायपूर : रायपूरहून नागपूरच्या दिशेने निघालेली रेल्वेगाडी सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव स्थानकात थांबते. हावडा-मुंबई मार्गावरील या स्थानकाचा मराठी साहित्याच्या आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या एका तरुण मराठी कवीला याच मार्गावरील प्रवासात एक परदेशी गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी सहप्रवाशाच्या हाती बायबल ठेवले. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. त्या भेटीची झळ मात्र सर्वाधिक सोसली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी. पुढे त्याच वाटेवर त्यांना स्वतःची श्रद्धाही गवसली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. योगायोग असा की, छत्तीसगडमधील ख्रिस्ती कार्याचे प्रवर्तक मानले जाणारे ऑस्कर लोर हे जर्मन धर्मोपदेशकही त्याच वर्षी रायपूरला आले. जलालपूरच्या त्या घराला अर्थातच या घडामोडींचा गंधही नव्हता. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसे. स्पर्श आणि विटाळ यांच्या धाकात वाढलेल्या या मुलीचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी झाला. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीकडून.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, १८६१ सालचा. प्रतिभा मोठी, मन त्याहून मोठे, पण स्वभाव तापट आणि पाय एका जागी न ठरणारा. कधी नोकरी सुटे, कधी गाव सुटे, तर कधी पत्ता न सांगता स्वारी दूर निघून जाई. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेपुढे टिकत नसे. नागपुरातील वास्तव्यानंतर ते राजनांदगावकडे वळले, तेव्हा तेथे बैरागी महंतांच्या परंपरेतील संस्थानिकांचे राज्य होते. नागपूरहून निघालेला लोहमार्ग १८८२ मध्येच या गावापर्यंत पोहोचला होता. त्यामुळे वऱ्हाड-नागपूरकडील सुशिक्षितांना छत्तीसगडची वाट खुली झाली होती. टिळक या वाटेने गेले ते उदरनिर्वाहासाठी; परतले ते मनात धर्माविषयीचे वादळ घेऊन.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी लक्ष्मीबाईंच्या माहेरी वज्राघातासारखी कोसळली. पती हयात असूनही संसार संपल्यासारखा झाला. पदरी लहानगा दत्तू होता. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली. त्यांत पंढरपूरचाही मुक्काम होता. एका बाजूला समाजाची निर्भर्त्सना आणि नातलगांचा धाक, तर दुसऱ्या बाजूला दूर असलेल्या पतीविषयीची ओढ. या ओढाताणीत प्रकृती ढासळली, मन खचले. मात्र पतीशी असलेला पत्रांचा धागा तुटला नाही. धर्म बदललेल्या टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही, ही गोष्टही येथे नोंदवण्यासारखी आहे.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे परतल्या, त्या स्वतःच्या धर्मासह आणि सोवळ्यासह. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परत जाणे हेच मोठे धाडस होते. तेथे राहून आपला आचार सांभाळणे ही दुसरी कसरत. पतीने पत्करलेला देव केवळ पतीचा म्हणून त्यांनी स्वीकारला नाही. ज्याची खात्री पटलेली नाही, त्यापुढे मान तुकवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्यांच्या मनाचे परिवर्तन एखाद्या व्याख्यानाने किंवा वादविवादाने झाले नाही. ते झाले पाण्याच्या घागरीपाशी. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांना आतून पोखरू लागला. सर्व माणसे एकाच देवाची लेकरे असतील, तर एकाच्या हातचे पाणी चालते आणि दुसऱ्याच्या हातचे चालत नाही, याला आधार कोणता? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी ते तत्काळ आचरणात आणले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बालपणापासून अंगात मुरलेले सोवळे सुटले. ख्रिस्ताविषयीची श्रद्धा त्यानंतर हळूहळू रुजली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या दीक्षेनंतर पाच वर्षांनी आलेला हा निर्णय सर्वस्वी त्यांचा स्वतःचा होता.

धर्म बदलला, तरी ओढग्रस्त संसार तसाच राहिला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला होता. टिळक दांपत्याच्या घराचे दार अनाथ मुलांसाठी उघडे झाले. मिळकत मर्यादित आणि पंगत मोठी. टिळकांची भूमिका साधी होती : देव देईल. लक्ष्मीबाईंचाही देवावर भरवसा होता. परंतु देवाने दिलेले धान्य निवडायचे, दळायचे आणि सर्वांना पुरवायचे काम त्यांच्याकडे असे. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेला व्यवहाराची धार आली. त्या पतीशी भांडत, त्यांच्या उधळेपणावर रागावत, स्वतःच्या फजितीवर मनमोकळे हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवत. अहमदनगरात प्लेगची साथ आली, तेव्हा दोघेही सेवेसाठी पुढे झाले. एकेकाळी परक्याच्या स्पर्शाला भिणारी ही स्त्री आता साथीच्या रुग्णांजवळ बसत होती. त्यांच्यात झालेल्या बदलाची याहून मोठी साक्ष शोधण्याची गरज नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले. भारतीय वळणाच्या ख्रिस्तभक्तीसाठी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. घरखर्चाची चिंता पुन्हा पत्नीच्या वाट्याला आली. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्या वेळी लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. मात्र त्या दुःखात बुडून राहिल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांनी पाहिली. पुढे पुत्र देवदत्त यांच्यासोबत कराचीला काही काळ वास्तव्य केले आणि आयुष्याची संध्याकाळ नाशिकला घालवली.

अंगी घेतलेले काम अर्धवट टाकायचे नाही, हा त्यांचा बाणा लेखनातही दिसला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. कधीही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याला तब्बल ६४ अध्यायांची जोड दिली. १९३३ मध्ये नागपूर येथील साहित्य संमेलनात भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. टिळक ज्या नागपुरातून राजनांदगावच्या गाडीत बसले होते, त्याच नागपुरात त्यांच्या पत्नीचा हा गौरव झाला.

१९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीच्या चरित्रासाठी आठवणी लिहून देता देता मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र आकाराला आले. त्यात कोठेही उपदेशाचा आव नाही. पतीचे दोष झाकलेले नाहीत आणि स्वतःच्या चुकाही लपवलेल्या नाहीत. उपासमार, अपमान, विरह आणि मृत्यू यांच्याविषयी लिहितानाही लेखणीचा मिश्कीलपणा हरवत नाही. विजया मेहता यांनी या ग्रंथावर चित्रपट केला. इंग्रजीतही त्याचे अनुवाद झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंची प्राणज्योत मालवली.

देवावर भरवसा ठेवणारा माणूस संकटांपासून मुक्त होतो, असा दाखला लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात सापडत नाही. बाप्तिस्म्यानंतरही घरातील डबे अनेकदा रिकामेच राहिले. त्या भरवशाने त्यांना दिले ते वेगळेच : रिकाम्या डब्यासमोर उभे असतानाही दारात आलेल्या अनाथ मुलाला परत न पाठवण्याचे बळ. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत टिळकांचे अभंग आजही गायले जातात. त्या अभंगांतील देवाला संसाराच्या रोजच्या हिशेबात जागा करून दिली ती लक्ष्मीबाईंनी. राजनांदगाव स्थानकावरून जाणाऱ्या मराठी प्रवाशाने त्या कवीबरोबरच जलालपूरच्या या कन्येचेही स्मरण अवश्य करावे.