प्लेगची लस आणि हाफकिन

निरोगी मुलाच्या दंडांत सुई टोंचवावी कीं नाहीं, हा विचार आमच्या चौसाळ्यांतील पालकांच्याहि मनांत येऊन जातो. दुसऱ्याच्या देहावर असा धोका घालण्याचा अधिकार कोणास व केव्हां पोहोंचतो, हें ज्यांच्या चरित्रावरून पाहावें असे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन होत.

यांचा जन्म सन १८६० मध्यें ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस तयार केली व १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां सरकारनें त्यांस तेथें पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत अपुऱ्या जागेंत व मोजक्या माणसांनिशीं काम चालूं झालें. लस सिद्ध होतांच १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं तीहि आधीं आपल्याच अंगांत घेतली, आणि पुढें इतरांस दिलेल्या मात्रेहून पुष्कळ अधिक! ताप आला, वेदना झाल्या. प्राण मात्र वांचला.

थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. राजी झालेल्या सुमारें निम्म्या बंदिवानांस लस देण्यांत आली. टोंचणीच्या दिवशींच आजारी असलेले वगळतां, लस घेतलेल्यांपैकीं दोघांस प्लेग झाला, मेला कोणीच नाहीं. न घेतलेल्यांत १२ जणांस होऊन ६ दगावले. बंदिवानाची संमति ती कितपत मोकळी, अशी शंका आम्हांस येते खरी. तरी दोहों गटांची अशी तुलना केल्यावांचून हाफकिन यांनीं लसीचा गुण गाइला नाहीं.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली. त्यांतील १९ जण धनुर्वातानें मेले. हे एकोणीसहि जण एकाच बाटलीचे. बाकीच्यांस कांहींच झालें नव्हतें. तरीहि दोष प्रयोगशाळेच्या माथीं मारून सरकारनें हाफकिन यांस कामावरून दूर केलें. ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतां वापरला होता, ही गोष्ट चौकशींत पुढें आली होती. पण तिचें वजन कोणीं केलें नाहीं. भीतीनें पंजाबांत लोक लस घेईनासे झाले, आणि एकट्या १९०७ सालीं हिंदुस्थानांत प्लेगनें दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं.

रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं बाजू मांडल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. त्यांस कलकत्त्यास नेमणूक मिळाली, परंतु माणसांवर नव्या लसींचे प्रयोग करण्याची मुभा मिळाली नाहीं. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. तेव्हां ते युरोपांत होते. १९३० सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांचा अंत झाला.