बाबूराव पेंटर : कॅमेरा घडवणारा मेस्त्री

मित्रांनो, यंदा होस्टेलवर, आणि सुट्टीत आपापल्या घरी, दर रविवारी एक जुना गाजलेला सिनेमा बघायचा असा बेत ठरतोय. बावन्न रविवारांतून परीक्षा आणि सबमिशनचे वजा केले तरी तीसेक सिनेमे सहज होतात. यादी करताना फाळके, शांताराम, राज कपूर ही नावं पटापट येतात. एक नाव मात्र हमखास राहतं, आणि ते आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तर विसरायलाच नको. ते म्हणजे बाबूराव पेंटर!

यांचं खरं आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूरचा. घर कारागिराचं, त्यामुळे हत्यारं आणि रंग दोन्ही लहानपणापासून हाताखाली. चित्रकला स्वतःच शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि लोकांनी दोघांनाही पेंटर हेच आडनाव देऊन टाकलं.

१९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून या दोघांच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं. फाळक्यांनी कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. यांच्याकडे तेवढा पैसा कुठला? मग मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, चित्र हलतं कसं ते समजून घेतलं आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं ठरवलं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हे बरं का. कॅमेऱ्यात फिल्म सरळ पळत नाही. एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून एक चौकट ओढतो, थांबतो, मग झडप उघडते, मिटते, पुन्हा ओढ. त्या काळी हाताने दांडा फिरवून हे सेकंदाला साधारण सोळा वेळा करायचं. यात केसभर जरी चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं. यांच्यामागे ना कुठलं कॉलेज, ना वर्कशॉपचं जर्नल! त्यात १९१६ मध्ये आनंदराव वारले, काम अर्ध्यावर राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. आपण जुगाड जुगाड म्हणतो ते याच्यापुढे काहीच नाही.

तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात लागला. त्यात बायकांची कामं बायकांनीच केली होती, तेव्हा ही मोठी हिंमत होती. कीचकवधाचा देखावा इतका खरा उतरला की सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. पुढे 'सिंहगड' मध्ये त्यांनी रात्रीचे प्रसंग कृत्रिम उजेडात टिपले. जाहिरातीची पोस्टरंही स्वतःच रंगवायचे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १९२५ चा 'सावकारी पाश'. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. देवादिकांचे सिनेमे चालू असताना बाबूरावांनी कर्जात जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत जाणारा शेतकरी पडद्यावर आणला. तो शेतकरी झाला होता तरुण शांताराम. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडच्या पोरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. कापूस गेला, सोयाबीन गेलं की काय होतं ते आपल्या घरांना माहीत आहे.

आणि हाच सिनेमा आपल्याला बघता येत नाही! त्याची प्रतच उरली नाही. त्या वेळची नायट्रेट फिल्म भसकन पेटायची, नाहीतर सडायची, काही तर चांदी काढायला वितळवल्या गेल्या. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांचं असंच झालं. शंभर वर्षांमागचा माणूस आपल्याच विषयावर बोलून गेला आणि ते पाहायचं राहूनच गेलं. १९३६ मध्ये त्यांनी तीच कथा पुन्हा बोलपटात केली, पण नाव निघतं ते मूकपटाचंच.

१९२९ मध्ये मतभेद झाले. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. गुरूची कंपनी पुढे बंद पडली, चेल्यांचं नाव झालं. बाबूराव परत रंग आणि शिल्पाकडे वळले, अधूनमधून सिनेमेही केले. शांतारामांनी मात्र १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' साठी त्यांनाच दिग्दर्शनाला बोलावलं, हे मला फार आवडतं. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले.

तेव्हा यादीत गुरूचा 'रामजोशी' घ्याच. शिवाय चेल्यांचे 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) आणि 'माणूस' (१९३९). सुरुवात 'तुकाराम' पासून करावी असं माझं मत. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, म्हणजे त्यातला एक तोच, कॅमेरा पुरा करायला हात लावणारा.