विश्लेषण : बिअरचे ‘गुपित’ फुकट वाटणारा कारखानदार! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग संग्रहालयामागे बाप-लेकाची कोणती कहाणी?

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनला जाणारे पर्यटक ‘लिटल मर्मेड’चा पुतळा पाहतात, राजवाडे पाहतात आणि वाल्बी भागातील एका जुन्या बिअर कारखान्यालाही भेट देतात. हा कारखाना 1847 साली सुरू झाला. तेथील मोठे बिअर उत्पादन 2008 मध्ये बंद झाले. आज त्याच्या जुन्या विटांच्या इमारतींमध्ये कार्ल्सबर्गचे संग्रहालय आहे. तांब्याच्या प्रचंड कढया, घोड्यांचे तबेले आणि जगभरातून जमवलेल्या हजारो न उघडलेल्या बाटल्या तेथे पाहायला मिळतात. पण या जागेची खरी कहाणी बाटल्यांपेक्षा ती उभारणाऱ्या माणसाची आहे. जेकब ख्रिश्चन याकोबसेन यांनी आपल्या धंद्यातील सर्वांत मोलाचा शोध प्रतिस्पर्ध्यांनाही मोफत दिला आणि कारखाना विज्ञानाच्या नावे केला. मात्र पोटच्या मुलाशी त्यांचे वर्षानुवर्षे पटले नाही. हे कसे घडले, ते पाहू.

याकोबसेन कोण होते?

याकोबसेन यांचा जन्म 2 सप्टेंबर 1811 रोजी कोपनहेगनमध्ये झाला. वडील ख्रिस्तेन हे युटलंड प्रांतातील शेतकरी कुटुंबातून शहरात आलेले. शहरात त्यांनी बिअर बनवण्याच्या धंद्यात जम बसवला. स्वतःचे शिक्षण बेताचे असले तरी नव्या गोष्टींची त्यांना ओढ होती. मुलानेही ती उचलली. तरुण याकोबसेन कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांची व्याख्याने ऐकायला जात. विजेच्या प्रवाहाजवळ चुंबकसूची हलते हे 1820 मध्ये दाखवणारे शास्त्रज्ञ ते हेच. विज्ञान फक्त प्रयोगशाळेसाठी नसते, ते कारखान्यातही उपयोगी पडते, ही खूणगाठ याकोबसेन यांनी तेथेच बांधली.

वडिलांचे 1835 मध्ये निधन झाले आणि विशीतल्या मुलाकडे धंदा आला. तेव्हा डेन्मार्कमध्ये घरगुती पद्धतीची, गढूळ आणि लवकर आंबट होणारी बिअर प्यायली जाई. एका घाण्याची चव दुसऱ्याशी जुळेल याची खात्री नसे.

टोपीच्या डब्यातून काय आणले?

त्या काळात जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात ‘लागर’ प्रकारची बिअर लोकप्रिय झाली होती. साधी बिअर तुलनेने उबदार तापमानाला काही दिवसांत आंबते. लागरचे यीस्ट मात्र थंडीत, साधारण 7 ते 12 अंश सेल्सिअसला काम करते आणि पिंपाच्या तळाशी बसते. नंतर ही बिअर थंड तळघरात काही महिने मुरवली जाते. त्यामुळे ती स्वच्छ दिसते आणि जास्त टिकते.

हे यीस्ट मिळवण्यासाठी याकोबसेन 1845 मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत गेले. तेथील गाब्रिएल सेडलमायर यांनी त्यांना यीस्ट दिले. रेल्वेचे जाळे अजून तयार झाले नव्हते. घोडागाडीच्या लांबलचक प्रवासात यीस्ट उष्णतेने मरण्याची भीती होती. म्हणून त्यांनी ते पत्र्याच्या भांड्यात घालून टोपीच्या डब्यात ठेवले आणि वाटेत गाडी थांबेल तेथे थंड पाणी ओतत ते कोपनहेगनपर्यंत आणले. शहराच्या तटबंदीतील थंड तळघरे त्यांना बिअर मुरवायला मिळाली. प्रयोग यशस्वी झाला.

मोठ्या कारखान्यासाठी त्यांनी शहराबाहेर वाल्बीची टेकडी निवडली. तेथे चांगले पाणी होते आणि कोपनहेगन-रॉस्किल्ड ही नवी रेल्वे 1847 मध्येच त्या बाजूने सुरू झाली होती. त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला पहिला घाणा निघाला. कारखान्याला नाव दिले कार्ल्सबर्ग. ‘बर्ग’ म्हणजे टेकडी आणि कार्ल हा त्यांचा मुलगा. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. हे नाव लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे भांडण त्यावरच आले.

बिअर कारखान्याला प्रयोगशाळा कशासाठी?

कार्ल्सबर्गची भरभराट झाली. 1868 मध्ये पहिली निर्यात स्कॉटलंडला झाली. पण बिअर अधूनमधून का बिघडते, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी आंबण्याची क्रिया सूक्ष्मजीव घडवतात हे दाखवले होते. याकोबसेन पाश्चर यांना फार मानत. अंदाजाने काम करण्यापेक्षा कारण शोधावे, या विचाराने त्यांनी 1875 मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा सुरू केली. रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र असे तिचे दोन विभाग होते. नियम असा घातला की, येथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही, तो प्रसिद्ध करायचा.

एका वर्षाने, 1876 मध्ये, त्यांनी कार्ल्सबर्ग फाउंडेशन स्थापन केले. प्रयोगशाळा चालवणे आणि डेन्मार्कमधील संशोधनाला पैसा देणे हे तिचे काम. तिचे पाच संचालक रॉयल डॅनिश विज्ञान अकादमीने आपल्या सदस्यांमधून निवडायचे, असे ठरले. म्हणजे बिअरच्या पैशावर निर्णय प्राध्यापकांचा!

1883 मध्ये नेमके काय घडले?

प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हान्सेन हे गरीब घरातून आलेले आणि एकेकाळी घरे रंगवण्याचे काम केलेले शास्त्रज्ञ होते. खुद्द कार्ल्सबर्गच्या बिअरला वाईट चव येऊ लागली, तेव्हा त्यांनी तिचे यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासले.

हा प्रश्न आपल्याला विरजणाच्या उदाहरणावरून सहज कळेल. आजच्या दह्यातले चमचाभर आपण उद्याच्या दुधाला लावतो. विरजण बिघडलेले असेल तर दुसऱ्या दिवसाचे दहीही बिघडते आणि त्याच्या पुढचेही. ब्रुअरीतही एका घाण्याचे यीस्ट पुढच्या घाण्याला वापरत. पाश्चर यांनी बिघाडाचा दोष मुख्यतः जिवाणूंना दिला होता. हान्सेन यांनी दाखवले की, काही जंगली जातींचे यीस्टही तेवढेच दोषी असते. ते चांगल्या यीस्टमध्ये मिसळते आणि वरवर पाहता ओळखू येत नाही.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. यीस्टचे द्रावण इतके पातळ करायचे की, एका चंबूत एकच पेशी येईल. त्या एका पेशीपासून पुढची सगळी वाढवायची. मग मिसळ होण्याचा प्रश्नच उरत नाही. 12 नोव्हेंबर 1883 रोजी असे शुद्ध यीस्ट कार्ल्सबर्गच्या उत्पादनात प्रथमच वापरले गेले. दर वेळी सारख्या चवीची बिअर काढणे आता शक्य झाले.

कोणत्याही कारखानदाराने हे तंत्र तिजोरीत ठेवले असते. याकोबसेन यांनी पद्धत खुली केली आणि मागेल त्या ब्रुअरीला शुद्ध यीस्टही दिले. आज जगभर लागर बनवली जाते ती याच शुद्ध संवर्धनाच्या तत्त्वावर. म्युनिकच्या एका ब्रुअरीने 38 वर्षांपूर्वी त्यांना यीस्ट दिले होते. ते त्यांनी साऱ्या जगाला परत केले, असे म्हणता येईल.

मग मुलाशी भांडण कशावरून?

जगाला मोकळ्या हाताने देणारे याकोबसेन घरात मात्र कठोर होते. त्यांनी कार्लला चार वर्षे परदेशी ब्रुअऱ्यांत शिकायला पाठवले. परतल्यावर 1871 पासून त्याला शेजारचीच एक ब्रुअरी चालवायला दिली. मतभेद तेथे सुरू झाले. बिअर पुरेसा काळ मुरली पाहिजे आणि दर्जासाठी उत्पादनावर मर्यादा हवी, असे वडिलांचे मत. मागणी आहे तर उत्पादन वाढवावे, मुरवण्याचा काळ कमी करावा, असे मुलाचे मत. कार्लच्या ब्रुअरीचे उत्पादन वाढत गेले तसा वडिलांचा राग वाढत गेला. अखेर त्यांनी मुलाला जागा सोडायला सांगितले.

कार्लने शेजारीच नवा कारखाना उभारला. त्याला कार्ल्सबर्ग हे नाव देण्यास वडिलांनी आक्षेप घेतला. ज्या मुलाच्या नावावरून टेकडीला नाव मिळाले, त्यालाच ते वापरायला मनाई! शेवटी तडजोड होऊन वडिलांचा कारखाना ‘गामल’ म्हणजे जुना कार्ल्सबर्ग आणि मुलाचा ‘न्यू’ म्हणजे नवा कार्ल्सबर्ग झाला. तरीही दोन कारखान्यांमधल्या रस्त्याच्या नावावरून वाद झालाच. एक पाटी ‘अलायन्स’ सांगे, तर दुसरी ‘पाश्चर’. दोघेही एकमेकांपेक्षा मोठ्या पाट्या लावत गेले. अलायन्स म्हणजे युती, हे विशेष.

1882 मध्ये याकोबसेन यांनी मृत्युपत्रात जुना कार्ल्सबर्ग फाउंडेशनच्या नावे केला. ज्या उदारपणाचे आज कौतुक होते, त्याच निर्णयाने मुलाचा वारसाहक्क गेला. या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत आणि त्यातील एक सोडून दुसरी सांगता येत नाही.

बाप-लेकाचा समेट झाला तो अगदी अखेरच्या काळात, 1886 च्या सुमारास. 30 एप्रिल 1887 रोजी रोममध्ये याकोबसेन यांचे निधन झाले.

हत्ती आणि स्वस्तिक तेथे कसे?

मराठी पर्यटकाला या परिसरात सर्वांत आधी चकित करते ते कार्लने बांधलेले ‘हत्तींचे द्वार’. 1901 मध्ये वास्तुविशारद विल्हेल्म डालरूप यांनी ते उभारले. ग्रॅनाइटचे चार भव्य हत्ती कमान तोलून धरतात आणि त्यांच्या अंगावर स्वस्तिक कोरलेले आहे. शुभचिन्ह म्हणून कार्लने ते आपल्या कारखान्यासाठी घेतले होते. नाझींशी त्याचा संबंध नाही, ते नंतर आले. नाझी राजवटीमुळे हे चिन्ह बदनाम झाल्यावर कंपनीने त्याचा वापर थांबवला. दगडातले स्वस्तिक मात्र कायम आहे.

कार्ल कलेचा भोक्ता होता. त्याने जमवलेली शिल्पे ‘ग्लिप्टोटेक’ या संग्रहालयात आहेत आणि 1913 मध्ये शहराला ‘लिटल मर्मेड’ भेट देणाराही तोच. वडिलांनी विज्ञानाला दिले, मुलाने कलेला. 1902 मध्ये कार्लने आपला कारखानाही वडिलांच्या फाउंडेशनकडे सोपवला. 1906 मध्ये जुना आणि नवा कार्ल्सबर्ग एकत्र आले. त्यानंतर आठ वर्षांनी, 1914 मध्ये कार्लचे निधन झाले.

आपल्याशी याचा काय संबंध?

बिअरला कधी हात न लावणाऱ्यांपर्यंतही ही प्रयोगशाळा पोहोचली आहे. शेतकऱ्याच्या माती परीक्षण अहवालात ‘सामू’ नावाचा आकडा असतो. तोच शाळेच्या पुस्तकातला पीएच. तो मोजण्याची पट्टी 1909 मध्ये याच प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी मांडली. दुधातील किंवा धान्यातील प्रथिने मोजण्यासाठी आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत तेथीलच योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये शोधली. म्हणजे शुद्ध यीस्टच्याच वर्षी. फाउंडेशनच्या मदतीवर तरुण नील्स बोर 1911 मध्ये संशोधनासाठी इंग्लंडला गेले. पुढे अणुरचनेवरील कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. याकोबसेन यांचा बंगला त्यांच्या इच्छेनुसार मान्यवर विद्वानाला राहण्यासाठी दिला जाई. बोर तेथे 1932 पासून 1962 मधील मृत्यूपर्यंत राहिले.

संग्रहालयात आज काय पाहावे?

नूतनीकरणानंतर 2023 च्या अखेरीस हे संग्रहालय पुन्हा खुले झाले. आजूबाजूला नवी वस्ती उभी राहिली आहे आणि जवळच कार्ल्सबर्ग नावाचे लोकल रेल्वे स्थानकही आहे. कंपनीच्या मतदानहक्कांचे बहुमत अजूनही फाउंडेशनकडे आहे, त्यामुळे नफ्यातला वाटा आजही संशोधनाला जातो. 2016 मध्ये येथील शास्त्रज्ञांनी 1883 च्या एका जुन्या बाटलीत जिवंत सापडलेल्या यीस्टपासून पुन्हा बिअर बनवून दाखवली.

बाटल्या आणि कढया पाहून झाल्यावर हत्तींच्या द्वारापर्यंत चालत जावे. एका टोकाला वडिलांचा कारखाना, दुसऱ्या टोकाला मुलाचे द्वार. दोन्हींच्या मध्ये तोच रस्ता आहे, ज्याच्या पाटीवरून दोघांमध्ये वाद झाला होता. चालायला फक्त काही मिनिटे लागतात.