पागोटं न सोडलेला पाद्री: जालन्याच्या बेथेलचे नारायण शेषाद्री

साल १८४३. मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा वडिलांनी थेट कोर्ट गाठलं. कोर्टाने मुलगा परत दिला. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता ना! त्याला जातीत घ्यायचं की नाही, यावरून मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले.

नारायणरावांना मात्र परतायचंच नव्हतं. स्कॉटिश मिशनचे पाद्री होऊन ते १८६० च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. खरी परीक्षा इथे होती. सोवळ्याओवळ्यात वाढलेला माणूस आता मांग-महार वस्त्यांमध्ये काम करू लागला. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी त्यांना वेगळं गाव वसवायचं होतं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि जालन्याजवळ बेथेल उभं राहिलं. बेथेल म्हणजे देवाचं घर.

धर्म बदलला, पेहराव नाही. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही ते पागोटं घालूनच गेले. १८९१ मध्ये समुद्रप्रवासात, जहाजावरच त्यांचं निधन झालं.