हार्वर्डच्या आधीचे कॉलेज : ड्यू बॉइस यांची जडणघडण

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला होता. त्या निवेदनाची प्रत बाबासाहेबांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे मांडण्याचा विचार सुरू होता. ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले. हा पत्रव्यवहार आपल्या चळवळीत अनेकांना ठाऊक आहे. पत्र ज्यांना गेले ते ड्यू बॉइस मात्र बहुतेकांना एका ओळीपुरतेच माहीत असतात : हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. आम्हाला त्यांच्या हार्वर्डआधीच्या तीन वर्षांबद्दल सांगायचे आहे.

ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावातला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आईने घरकामे करून मुलाला शिकवले. हार्वर्डला जायचे त्यांचे स्वप्न होते, पण पैसा नव्हता. शाळा संपल्यावर काही महिन्यांतच आई वारली. स्थानिक चर्चनी वर्गणी जमवली आणि १८८५ मध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा दक्षिणेत, टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या फिस्कमध्ये दाखल झाला.

छावणीतले कॉलेज

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्याआधी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८६६ च्या जानेवारीत एका ख्रिस्ती मिशनरी संस्थेने लष्कराच्या रिकाम्या बराकींत फिस्क सुरू केले. पैसा संपत आला तेव्हा विद्यार्थ्यांचे गायकपथक उभे राहिले आणि त्याने गुलामगिरीच्या काळातील आपल्या माणसांची भक्तिगीते देश-परदेशात गाऊन निधी आणला. त्यातून उभी राहिलेली ज्युबिली हॉलची इमारत आजही तिथे आहे.

कॉलेज लहान होते, पण शिकवणे हलके नव्हते. कृष्णवर्णीयांना हाताची कामे शिकवली की पुरे, असे मानणारे पुष्कळ होते. फिस्कमध्ये त्यांची मुले ग्रीक, लॅटिन, विज्ञान, तत्त्वज्ञान शिकत होती. ज्ञान ही कुणा एकाची मक्तेदारी नाही, हे तिथे रोजच्या तासाला सिद्ध होत होते. जोतिराव-सावित्रीमाईंच्या वारशात वाढलेल्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

समाज कळला तो इथे

ग्रेट बॅरिंग्टनमध्ये ड्यू बॉइस बहुतेक गोऱ्या मुलांतच वाढले होते. फिस्कमध्ये पहिल्यांदा ते आपल्या माणसांच्या मोठ्या समूहात राहिले. सोबतच्या अनेकांचे आई-वडील गुलामगिरीतून आलेले. कॉलेजच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. १८८६ आणि १८८७ च्या उन्हाळ्यात ते टेनेसीच्या खेड्यांत शिकवायला गेले. शाळा म्हणजे पूर्वी मका साठवायची लाकडी खोपटी. बाहेरगावी जाऊन शिकण्याची आस धरलेली एक मुलगी तिथे होती. दहा वर्षांनी ते परत गेले तेव्हा ती या जगात नव्हती, कष्टांनी तिला संपवले होते. पुढे हा अनुभव त्यांच्या १९०३ च्या गाजलेल्या पुस्तकात आला.

१८८८ मध्ये फिस्कची पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले. तिथे ती पदवी पूर्ण मानली गेली नाही, त्यांना पुन्हा तिसऱ्या वर्षाला बसावे लागले. १८९० मध्ये दुसरी पदवी, मग एम.ए., दोन वर्षे बर्लिन आणि १८९५ मध्ये पीएच.डी. त्यानंतर फिलाडेल्फियात घरोघर फिरून त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास केला, तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो आवर्जून वाचावा. आमच्या मते त्या घरोघरच्या फिरण्याची सुरुवात टेनेसीच्या त्या खेड्यांतच झाली होती.

आपली संस्था, म्हणून जाबही आपणच विचारायचा

फिस्कवर त्यांचे प्रेम होते, पण ते आंधळे नव्हते. विद्यार्थी असतानाच नाच केल्याबद्दल कॉलेजच्या चर्चने ठपका ठेवला, तेव्हा त्यांचे धर्मसंस्थेशी बिनसायला सुरुवात झाली. पुढे फिस्कच्या गोऱ्या अध्यक्षांनी श्रीमंत देणगीदारांना रुचेल अशी जाचक शिस्त लादली. १९२४ मध्ये ड्यू बॉइस यांनी फिस्कमध्येच उभे राहून त्यावर जाहीर टीका केली. १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला आणि अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले.

शिकलेले मोजके लोक समाजाला वर नेतील, असे ते तरुणपणी मांडत. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःच ही मांडणी तपासली आणि शिकलेला वर्ग स्वार्थी होऊ शकतो हे मान्य केले. १९५६ मध्ये आग्र्याला शिकलेल्या लोकांबद्दल बाबासाहेबांनी व्यक्त केलेली खंत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानामध्ये ड्यू बॉइस यांचे निधन झाले.

रायगडच्या तरुणांसाठी

आम्ही अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन ते महाड या पट्ट्यात तरुणांसोबत काम करतो. मुरुडच्या समुद्रातला जंजिरा आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा. म्हणजे आफ्रिकेशी या किनाऱ्याचे नाते जुने आहे. महाडला १९२७ चा चवदार तळ्याचा संग्राम झाला आणि तिथेच १९६१ पासून बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज आहे. तरीही बारावीनंतर मुंबई-पुण्याचे मोठे नाव मिळाले नाही, तर आपण मागे पडलो असे मुलांना वाटते. आपल्या समाजाच्या कॉलेजात शिकतो हे सांगायला काहीजण कचरतात.

मोठ्या विद्यापीठात जरूर जावे. बाबासाहेब कोलंबियाला गेले, ड्यू बॉइस हार्वर्डला गेले. पण लहान, आपल्या माणसांच्या कॉलेजात शिकणे ही कमीपणाची गोष्ट नाही. तिथे भिंत अंकाची करा, सुटीत वाड्या-वस्त्यांवर मुलांचे वर्ग घ्या, आणि ग्रंथालय बंद असेल, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतील, तर प्रश्न विचारा. संस्था आपली आहे, म्हणूनच ती चांगली चालली पाहिजे हा आग्रहही आपलाच असला पाहिजे.

जय भीम!