ओसामू तेझुका : चित्रांतला डॉक्टर

ओसामू तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी जपानमधील ओसाका प्रांतात झाला. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यामुळे डिस्नेच्या चित्रपटांचे वेड बालपणीच लागले. दुसरे वेड किड्यांचे. ते इतके, की आपले नाव लिहिताना त्यांनी त्यात ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर घातले. युद्धकाळात शाळकरी वयातच त्यांना कारखान्यात राबावे लागले आणि ओसाकावरील बॉम्बवर्षाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे ते वैद्यकी शिकले, पण हाती राहिली ती लेखणी आणि शाई.

१९५२ साली त्यांची ‘अ‍ॅटम’ ही चित्रकथा सुरू झाली. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ तसाच यंत्रमुलगा बनवतो. पण तो वाढत नाही म्हणून त्याला सर्कशीत विकून टाकतो! बालवाङ्मयात एवढे दुःख घालण्याचे धैर्य आपल्याकडील किती लेखकांत आहे?

१ जानेवारी १९६३ रोजी हा अ‍ॅटम जपानी टेलिव्हिजनवर आला. पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे, म्हणून तेझुकांच्या ‘मुशी’ संस्थेत चित्रे कमी काढीत आणि काढलेली जपून पुन्हा वापरीत. त्याच वर्षी एन.बी.सी. या अमेरिकन कंपनीने ५२ भाग घेतले. फ्रेड लॅड यांनी इंग्रजी संवाद लिहिले, तेही पात्रांच्या ओठांच्या हालचालींशी जुळवून. अवघ्या तीन-चार नटांनी सगळे आवाज दिले. नाव बदलून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ झाले. मुलांना दाखवण्यास अयोग्य वाटलेले प्रसंग वगळले गेले. नुसत्या भाषांतराने हे भागले नसते, हे मान्य करावेच लागेल.

खरी ओढाताण झाली ती सिंहाच्या छाव्याच्या कथेत. १९५० ते १९५४ च्या मूळ चित्रकथेत लिओ मोठा होतो, बाप होतो आणि शेवटी हिमवादळात मित्राला जगवण्यासाठी स्वतःचा देह देतो. १९६५ साली एन.बी.सी.च्या साहाय्याने ती रंगीत मालिका झाली. पण कंपनीची अट अशी, की प्रत्येक भाग स्वतंत्र हवा, कोणत्याही क्रमाने दाखवता यावा. मग छाव्याने मोठे व्हायचे कसे? अमेरिकेत तो ‘किंबा’ झाला. अटीमागील व्यापारी हिशेब समजतो, परंतु वाढ हाच ज्या कथेचा प्राण, तिची वाढच त्यामुळे खुंटली. तेझुका गप्प बसले नाहीत. १९६६ साली त्यांनी मोठ्या झालेल्या लिओची वेगळी मालिका जपानमध्ये काढली. ती एन.बी.सी.ने घेतली नाही.

१९७३ मध्ये ‘मुशी’चे दिवाळे निघाले. तेझुका मात्र रेखाटतच राहिले. गौतम बुद्धांच्या जीवनावरील त्यांची प्रदीर्घ चित्रकथा १९७२ पासून १९८३ पर्यंत चालली. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हाही काही चित्रकथा अर्ध्यावरच होत्या.